सहाशे टेकू

पुणे, ४ नोव्हेंबर २००७

भागोजीकाका, सलाम.

अम्मीने फोनवर सांगितलं की नाटे गावच्या कातळाच्या सड्यावर मासळीचं शीतगृह बांधायला घेतलंय आणि मुकादम तुम्ही आहात. मी हसत सुटले. ते शीतगृह गेले तीन महिने माझ्याच टेबलावर आहे! साइटवरून आलेल्या कागदाखाली 'भा. सो. मांडवकर' अशी सही बघून कुठेतरी ओळखीचं वाटत होतंच. तो 'म' तुम्ही अजून तसाच मोडका काढता.

अब्बा आणि तुम्ही मिळून राजापूर तालुक्यात किती घरं बांधलीत, तुम्हाला तरी आठवतं का? शाळा सुटली की मी चिऱ्यांच्या ढिगावर बसून तुमची भांडणं ऐकायची. ओळंबा तुमच्या हातात, आवाज अब्बांचा. अब्बा गेले त्या वर्षी मी डिप्लोमा सोडणार होते, तेव्हा तुम्ही घरी येऊन अम्मीला काय सांगितलंत ते तिने मला खूप उशिरा सांगितलं. असो.

तुम्ही म्हणाल, ही पुण्यात बसून नाट्याला काय बांधते? तर आम्ही कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारत उभी करतो. ते नुसतं चित्र नसतं. प्रत्येक कॉलम, बीम, स्लॅब, पाइप वेगळा असतो आणि प्रत्येकाच्या मागे त्याची माहिती असते. जाडी किती, काँक्रीट कधी भरलं, खालचे टेकू कधी काढले, सगळं. तारीख पुढे सरकवली की इमारत डोळ्यांदेखत वाढत जाते. रंगही असतात. काम व्हायचं आहे ते करडं, काँक्रीट भरलंय पण टेकूवर आहे ते पिवळं, टेकू काढले तरी चालेल ते हिरवं, आणि जिथे माहिती एकमेकांशी जुळत नाही ते लाल. परवा मी गारव्याचे पाइप त्यात घातले तर एक्केचाळीस ठिकाणी पाइप थेट बीमच्या पोटातून जाताना दिसले. साइटवर हे कळलं असतं तर तुम्ही एक्केचाळीस बीम फोडत बसला असता.

पण काका, रंग मी भरत असले तरी माहिती तुमची. तुम्ही दर शुक्रवारी जो तक्ता पाठवता त्याच्यावर सगळं चालतं.

अम्मीकडे येत जा. ती एकटी आहे.

तुमची इरम


नाटे, १९ नोव्हेंबर २००७

चि. इरम हिस भागोजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र दमयंतीकाकीने माझ्याकडून दोन वेळा वाचून घेतलं. मोबाइलवर बोलायचं तर सड्याच्या टोकाला जावं लागतं, आणि तिथे वाऱ्यात आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. ऑफिसचा फोन साहेबांच्या टेबलावर. म्हणून मला पत्रच बरं.

साहेबांनी दहाएक दिवसांपूर्वी तुझी इमारत आम्हाला भिंतीवर दाखवली. साहेब म्हणजे इथले इंजिनियर, तुझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठे असतील. माणूस वाईट नाही. मालकांचा फोन आला की मात्र उभा राहून बोलतो. बघायला साइटवरची सगळी माणसं गोळा झाली होती. पाया आला, कॉलम आले, स्लॅब टपाटप बसले, वर छप्पर. दोन मिनिटांत बांधून मोकळे! आपला रामा होता ना मागे. तुझ्या अब्बांच्या वेळचा, फळ्या-टेकू ठोकणारा सेंट्रिंगवाला रामा. तो म्हणाला, "काका, इमारत आपली आपण वाढतेय. यात माणूस एक पण नाय. मग आमाला कशाला ठेवलंय?" सगळे हसले. साहेब म्हणाले, माणसंही घालतील. पुढच्या आठवड्यापासून तक्त्यात एक चौकोन आला, 'मजूर संख्या'. मी त्यात चौतीस लिहिलं.

काम घाईचं आहे. पावसाच्या आधी छप्पर आणि मशिनं बसली पाहिजेत, म्हणजे ऑगस्टात होड्या सुटतील तेव्हा शीतगृह चालू. मालकांनी तसं परदेशातल्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय म्हणे.

रामाची बायको तुळसा तुझ्या अम्मीला, कुलसुमभाभींना, रोज मासळी देऊन जाते. त्या एकट्या नाहीत. तुझे अब्बा, मजीदभाई, असते तर तुझी ती भिंतीवरची इमारत बघून आधी म्हणाले असते की जिना चुकलाय. मला वाटतं जिना बरोबर आहे.

तुझा काका, भागोजी


पुणे, १७ जानेवारी २००८

भागोजीकाका, सलाम.

एक गोष्ट विचारायची आहे. बहुतेक माझंच काही चुकतंय, म्हणून ऑफिसच्या कागदावर न विचारता घरी बसून लिहिते आहे.

पहिला स्लॅब तुम्ही २० डिसेंबरला भरलात, दुसरा ९ जानेवारीला. तुमच्या तक्त्यावर लिहिलंय की पहिल्या स्लॅबखालचे टेकू २३ जानेवारीपर्यंत हलवणार नाही. बरोबरच आहे. वरचा ओला स्लॅब खालच्यावर बसतो, तेव्हा खालच्यालाही आधार हवा. शीतगृहाचे स्लॅब घरच्यापेक्षा दुप्पट जाड, एका मजल्याला सहाशे वीस टेकू लागतात. म्हणजे ९ तारखेला दोन मजल्यांखाली मिळून बाराशे चाळीस हवेत.

गेटवरून आत आलेल्या सामानाची यादीही आमच्याकडे येते. त्यात लोखंडी टेकू आहेत सातशे.

मी एकेक दिवस पुढे सरकवून मोजलं, काका. ९ जानेवारीला तेच टेकू एकाच वेळी दोन्ही मजल्यांखाली उभे दिसतात. कॉम्प्युटरने पहिला मजला पूर्ण लाल केलाय. सरांना दाखवलं, म्हणजे आमच्या इथल्या साहेबांना. ते म्हणाले, "साइटला विचार आणि मिटवून टाक. पाच तारखेला मालक परदेशी पाहुण्यांना घेऊन येतायत. त्यांना लाल दिसता कामा नये."

यादीत काही राहिलं असेल तर कळवा. आणि टेकू आधीच काढले असतील तर तेही कळवा. मी तुमचं नाव न घेता सरांशी बोलेन. तिसरा स्लॅब भरायच्या आत कळवाल ना?

इरम


नाटे, २६ जानेवारी २००८

चि. इरम,

तुझी शंका वाचली. यादीत राहिलं असणार. राजापूरहून सहाशे टेकू भाड्याने आणलेत, त्यांची नोंद व्हायची राहिली. आता सगळं पुरेसं आहे. तिसरा स्लॅब २८ तारखेला भरतोय.

तू चित्र बघतेस, मी इमारत बघतो. तीस वर्षं हेच केलंय. काळजी करू नको.

गडबडीत आहे म्हणून एवढंच.

भागोजी


पुणे, ५ फेब्रुवारी २००८

भागोजीकाका,

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. तुम्हाला राग आला असेल तर माफ करा. अब्बांच्या बरोबरीच्या माणसाला मी टेकू मोजून दाखवले, हे माझं मलाच कसंसं झालं.

सातशेचे तेराशे केले आणि पहिल्या मजल्याचं लाल जाऊन हिरवं झालं. सरांनी एवढंच विचारलं, "साइटकडून लेखी आलंय?" मी म्हटलं, "आलंय." त्यांनी पत्र बघायला मागितलं नाही.

आज पाहुणे आले होते. मोठ्या पडद्यावर शीतगृह फिरवून फिरवून दाखवलं. मालक स्वतः टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या मजल्याजवळ येऊन एका पाहुण्याने विचारलं की इतक्या लवकर मजले कसे चढतात. सरांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक टेकू मोजलेला आहे."

गच्चीचा स्लॅब १२ तारखेला ना? तो झाला की अम्मीकडून तुमच्यासाठी सांदणं पाठवायला सांगते.

इरम


पुणे, १४ फेब्रुवारी २००८

काका,

पेपरात तीन ओळी आल्यात. गच्ची भरताना खालचा स्लॅब कोसळला, तिघे ठार. नावं नाहीत. दोन दिवस फोन लावते आहे. अम्मी रडते आणि फोन ठेवते. शेजारच्या हमझाला विचारलं तर तो म्हणतो, भागोजीकाकांना पोलिसांनी नेलंय.

तिसऱ्या मजल्याखाली टेकू होते ना?

काय झालं ते कुणाकडून तरी कळवा. कसंही कळवा.

इरम


रत्नागिरी तुरुंग, ३ मार्च २००८

चि. इरम,

हे पत्र इथे वाचून मग पुढे पाठवतात. वाचू देत. यात जे आहे ते मी पोलिसांना सांगितलंय.

टेकू नव्हते. राजापूरहून सहाशे आणल्याचं मी तुला खोटं लिहिलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, पुण्यात बसून पोरीने पकडलंय, आता काय सांगू? साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "सोमवारी भाड्याचे टेकू येतायत. आलेत असंच लिहा, दोनतीन दिवसांनी काय फरक पडतो?" मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा पटवून घेतलं. सोमवारी ट्रक आला नाही. सोमवारीच तिसरा स्लॅब भरला. मंगळवारी साहेब म्हणाले, आज येईल. त्या दिवशी मी तुला दुसरं पत्र लिहायला हवं होतं. लिहीन लिहीन म्हणालो. रोज म्हणालो. कागदसुद्धा काढून ठेवला होता. एकदा खोटं लिहिलेल्या हाताने त्याच माणसाला खरं काय तोंडाने लिहायचं, असं झालं होतं.

गच्चीसाठी टेकू पाहिजेत म्हणून तिसऱ्याखालचे काढले. स्लॅब पंधरा दिवसांचाही नव्हता. १२ तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला गच्चीचं अर्ध्यावर काँक्रीट झालं होतं. मी खाली मिक्सरपाशी होतो. आधी सळई ताणल्यासारखा आवाज आला. मग धूळ. धुळीतून मला वरची मंडळी उडी मारताना दिसली. गच्ची तिसऱ्यावर आली आणि दोन्ही स्लॅब मिळून दुसऱ्यावर बसले.

रामा गेला. तो आत होता. त्याला काढायला संध्याकाळ झाली. बरोबर विजापूरकडची दोघं, नवराबायको. तीन महिने रोज मी त्यांना चौतिसात मोजत होतो. त्यांची नावं मला पंचनाम्याच्या वेळी कळली. शरणप्पा आणि निंगव्वा.

दमयंती भेटायला आली होती. तिच्याशी बोलवलं नाही. तू माझ्यासाठी धावपळ करू नको.

भागोजी


पुणे, १९ मार्च २००८

काका,

तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर खूप रागावले. चार दिवस रागावले होते. आता माझं सांगते.

ऑफिसात सरकारी माणसं आणि पोलीस येऊन गेले. त्यांनी ती इमारत उघडून बघितली. टेकूंच्या जागी तेराशे. 'बदल केला: इरम.' तारीख, वेळ, सगळं. विचारलं, हे सहाशे कुठून आले? मी म्हटलं, साइटवरून कळवलं होतं. कुठे आहे ते? पत्राचं नाव मी घेतलं नाही.

आता सर म्हणतात, ते पत्र आणून दे. कंपनीच्या वकिलालाही तेच हवंय. त्यांचं म्हणणं सोपं आहे. मुकादमाने खोटी माहिती दिली, बाकी सगळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. पत्र दिलं की मी सुटते, सर सुटतात, साहेब आणि मालक तर आधीच सुटलेत. नाही दिलं तर सहाशे टेकू मी मनाने घातले असं ठरतं.

पण खरं त्याहून वाईट आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी गेटचा तक्ता उघडला होता. तुम्ही सिमेंटचा प्रत्येक ट्रक लिहिता. ओली वाळू परत पाठवलीत तीसुद्धा लिहिलेली आहे. सहाशे टेकू म्हणजे निदान दोन ट्रक. पंधरा दिवसांत टेकूंचा एकही ट्रक आत आलेला नव्हता. मी ते बघितलं, काका. बघून तक्ता बंद केला आणि तेराशे लिहिले. तुमचं पत्र खरं मानलं की मला कुणाशी भांडावं लागत नव्हतं. तुम्हाला मात्र लिहिलं की जीव भांड्यात पडला.

आणखी एक आहे. दर शुक्रवारी मी त्या आठवड्याची इमारत वेगळी ठेवून देते. जानेवारीतली लाल आहे. तिच्यात साहेबांनी पाठवलेला आणि मालकांनी मंजूर केलेला कामाचा कार्यक्रम आहे. तो नीट बघितला तर पहिल्या दिवसापासून दिसतं की सातशे टेकूंत त्या तारखा पाळणं शक्यच नव्हतं. टेकू लवकर काढायचे हे तुम्ही नाही ठरवलंत, त्या तारखांनीच ठरवलं होतं. सर काल सहज म्हणाले, "जुन्या फायली जागा अडवतात, काढून टाक." पोलिसांना फक्त शेवटची दिलीय.

मी अजून काही काढलेलं नाही. तुमचं पत्र माझ्या कपाटात आहे. काय करू ते सांगा. तुम्ही फाड म्हणालात तर फाडेन.

इरम


रत्नागिरी तुरुंग, ३० मार्च २००८

चि. इरम,

फाडू नको. दे.

माझं खोटं पत्र दे, त्याच्या आधीचं तुझं पत्र माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे, ते दमयंतीकडून मागवून घे आणि तेही दे. वकिलाला नाही, सरांना नाही. सरळ तपास करणाऱ्यांच्या हातात. लाल इमारत दे. हिरवी केलीस तीही दे. गेटच्या तक्त्याचं सांग. तुझी नोकरी जाईल. मी काय बोलू? डिप्लोमा सोडू नको म्हणून कुलसुमभाभींना सांगायला गेलो होतो तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी उन्हातलं काम टाळून सावलीत बसेल. तुला इथे ओढीन असं वाटलं नव्हतं.

साहेबांबद्दल मी पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी काय आहे? माझ्याकडे काही नाही. साहेब जे बोलायचे ते तोंडी, आणि सही माझी. आता कळतंय की त्या तक्त्यावर सहीसाठी एकच जागा का होती.

मला वाचवायला म्हणून काही करू नको. सही मी केली. कुणी हात धरून करून घेतली नाही. माझ्या वाटचं मला राहू दे. पण तीन माणसं मेली ती एका मुकादमाच्या अडाणीपणामुळे, असं लिहून कागद मिटवू देऊ नको.

इथे जांभ्याच्या भिंती आहेत. चांगलं काम आहे, चिऱ्यांमधल्या फटी एकसारख्या भरल्यात. दिवसभर तेच बघतो.

भागोजी


पुणे, २८ सप्टेंबर २००८

भागोजीकाका, सलाम.

तुम्हाला जामीन मिळाला आणि तालुक्याबाहेर जायची मनाई आहे, हे हमझाने सांगितलं. म्हणून घरच्या पत्त्यावर लिहिते.

एप्रिलमध्ये मी सगळं दिलं. दोन्ही पत्रं, सव्वीस शुक्रवारच्या सव्वीस इमारती. तपासाला आलेल्या अधिकाऱ्यांना सुरुवातीला काही कळेना. मग मी तारीख एकेक दिवस पुढे नेली आणि म्हटलं, नुसते टेकू बघा. खालून उचललेले टेकू वर जाताना दिसले. तिसऱ्या मजल्याखाली काही उरलं नाही तिथे मी थांबले. एकजण म्हणाले, "हे आधी दिसत होतं?" मी म्हटलं, "हो. मला दिसत होतं."

मे महिन्यात मला कामावरून काढलं. आता एका लहान ऑफिसात नकाशे तपासते.

आरोपपत्र आलंय. तुमचं नाव आहे, साहेबांचं आहे. त्या कार्यक्रमावर त्यांची सही होती म्हणून. मालकांचं नाही. त्यांनी म्हणे फक्त 'बघितला' असं लिहिलं होतं. मला साक्षीदार केलंय. माझंही नाव वरच्या यादीत असायला हवं होतं असं मला वाटतं, पण तसं कुणी मानत नाही.

तुम्हाला लिहायचं कारण वेगळंच आहे. मालकांच्या कंपनीने कोर्टात उत्तर दाखल केलंय. त्यात म्हटलंय की रामा हा मनाई केलेल्या जागी, कुणीही न सांगता, आपल्या मर्जीने गेला होता. अम्मी म्हणते, गावातही आता लोक तसंच बोलतात. मशिदीसमोरच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, रामा स्लॅबखाली विडी ओढायला गेला होता. तुळसाकाकीच्या कानावर ते गेलंय. तिने अम्मीकडे यायचं सोडलं.

रामाकाका तिथे कशाला गेले होते, काका? तुम्ही त्याबद्दल कधीच काही लिहिलं नाहीत.

इरम


नाटे, ९ नोव्हेंबर २००८

चि. इरम हिस भागोजीचा आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. उत्तर माहीत नव्हतं म्हणून नव्हे.

त्या दिवशी सकाळी नऊला रामा माझ्याकडे आला होता. म्हणाला, "काका, तिसऱ्याचा मधला बीम वाकलाय. दोरी लावून बगितली. वरचं काम थांबवूया." मी वर बघितलं. काँक्रीटच्या गाड्या लागल्या होत्या, साहेब वरती उभे होते, मालक दुपारी येणार होते. मी म्हटलं, "थांबवता यायचं नाय. तू असं कर, सुरूच्या लाकडाच्या दहाबारा बल्ल्या घे आणि मधल्या बीमखाली ठोक. तेवढं आज निभावून जाईल." तो म्हणाला, "बल्ल्यांनी काय होतंय?" मी म्हटलं, "जा रे, ठोक." त्याला मदतीला त्या दोघांना मीच दिलं. शरणप्पाला आणि निंगव्वाला. बल्ल्या उचलून द्यायला.

तो विडी ओढायला गेला नव्हता. मी पाठवला होता. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, दमयंतीला नाही, तुला नाही. बाकीचं सगळं खरं सांगून टाकलं होतं, तेव्हा एवढं एक झाकून ठेवता येईल असं वाटलं.

मागच्या सोमवारी मी राजापूरला जाऊन तसा जबाब लिहून दिला. वकील म्हणाले, तुमची शिक्षा वाढेल. मग तिथून तुळसाकडे गेलो.

ती पडवीत विळीवर तिसऱ्यांचे शिंपले सोडत बसली होती. मला बघून उठली नाही. मी पुढे अंगणात, खळ्यातच उभा राहिलो आणि जे वर लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही. मी सांगून झाल्यावर म्हणाली, "बीम वाकलाय, ते त्याने सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"थांबवा म्हनाला होता?"

"होय."

"आणि तुमी जा म्हनालात."

"होय."

मला वाटलं शिव्या देईल, अंगावर काहीतरी फेकेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "माझ्या खळ्यात येऊन सांगताय. मला सांगून काय करू मी? मी कधी म्हनाले तो विडी ओढायला गेला? जे म्हनतात त्यांना जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर गेलो. होड्या लागल्या होत्या, लिलाव व्हायचा होता, शंभरेक माणूस असेल. साइटवर होते त्यातलेही बरेच होते, काम बंद पडल्यापासून ते जाळ्यांवर जातात. मी बर्फाच्या पेटीवर उभा राहिलो. तीस वर्षं माणसांवर ओरडलो, पण त्या दिवशी आवाज लहानच निघाला. मी भागोजी मांडवकर, असं म्हणून सुरुवात केली. रामाने सांगितलं होतं, थांबवा. मी नाही थांबवलं. मीच त्याला खाली पाठवला. त्याची चूक नव्हती. त्या दोघांचीही नव्हती. त्यांची नावं घेतली.

काही जण ऐकत होते, काही माशांकडे बघत होते. मशिदीसमोरचा दुकानवाला होता, तो मान खाली घालून उभा राहिला. मी उतरायला लागलो.

तेवढ्यात मागून तुळसाचा आवाज आला. ती पाटी डोक्यावर घेऊन पार त्या टोकाला, होड्यांच्या पलीकडे उभी होती. केव्हा आली मला माहीत नाही.

"परत सांगा," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाय."

मी परत पेटीवर चढलो आणि परत सांगितलं.

भागोजी